बेसमेंटमधली जपानी अमेरिका

अहो, तुमच्या अंत्यविधीला आपले गुरुजी एका जपानी प्रेमगीतासमोर डोळे मिटून, हात जोडून उभे होते. हे आधी तुम्हालाच सांगायचं होतं. इतके दिवस पोटात ठेवून बसले आहे, कारण दुसऱ्या कुणाला सांगून त्यात मजा नाही.

झालं असं, की फ्युनरल होमच्या माणसाने मुग्धाला विचारलं, फोटो दाखवताना मागे कुठलं संगीत लावायचं. आपली लेक माझ्याकडे आली. "आई, बाबाचं फेवरिट साँग कुठलं? मला आजच पाठवायचंय."

"एखादं भजन लाव," मी म्हटलं.

"बाबा भजन कधी ऐकायचा? बी ऑनेस्ट, आई."

मग काय करणार, सोफ्याशी गेले आणि गाण्याची तीच तबकडी काढून दिली, गुलाबी गाडीचं चित्र असलेली. गाणं सुरू झालं. आधी त्या चार पोरांचं ऊ-वा, ऊ-वा, मग पियानोचे ते तीन-तीन ठोके, मग सॅक्सोफोन, आणि मग ती बाई. गुरुजी मंत्र म्हणायचे थांबले. जावई अमेरिकन, तेव्हा त्यांना वाटलं, ब्रायनच्या चर्चमधलं काहीतरी प्रार्थनागीत असणार. त्यांनी भक्तिभावाने हात जोडले. गुरुजींनी जोडले म्हणून सगळ्या मराठी मंडळाने जोडले. मधेच ती बाई "बेबी, बेबी" म्हणाली, तरी कुणाचे हात सुटले नाहीत. देसाई काकूंनी तर डोळे पुसले. मला इतकं हसू आलं की मी पदर तोंडावर धरला, आणि लोकांना वाटलं मला हुंदका आला. मग खरंच आला.

हात जोडले नव्हते ते फक्त किकोने. जपानहून इथे तुमच्या ऑफिसात बदलून आलेल्या तादाशीची बायको, तो गेल्यापासून एकटी राहते ती. मागच्या रांगेत काळा कोट घालून बसली होती आणि तिचे ओठ हलत होते. ती गाणं म्हणत होती, शब्द न शब्द. तेव्हाच माझ्या मनात आलं, हिला माहीत आहे. जे तुम्ही मला जन्मभर सांगितलं नाहीत, ते हिला माहीत आहे.

तुम्हाला ठाऊक असलेलंच सगळं सांगते आहे, पण सांगू द्या. आता मधे बोलायला तुम्ही नाही, म्हणून तरी माझं वाक्य पुरं होईल.

कंपनीने तुम्हाला योकोहामाला पाठवलं तेव्हा मुग्धा किंडरगार्टनमध्ये होती. आठ महिने म्हणालात. त्या आठ महिन्यांत मी बर्फ उपसायला शिकले, गाडी चालवायला शिकले, आणि तुमच्यावर रागवायला तर आधीच येत होतं. परत आलात तेव्हा बॅग जड होती. मला वाटलं रेशीम असेल, मोती असतील, निदान चहाचा सेट तरी असेल. तुम्ही बॅग उघडलीत आणि आत नुसत्या तबकड्या. शिवाय डोक्यावर तेल चोपडून पुढचे केस उंच फुगवलेले! मी हसत हसत खालीच बसले. मुग्धा तुम्हाला बघून रडायला लागली.

त्या कव्हरांवरची चित्रं मला अजून दिसतात. चामड्याची जाकिटं घालून हातात कंगवा धरलेली जपानी पोरं. मोठ्या ठिपक्यांचे घेरदार स्कर्ट घातलेल्या, डोक्याला भला थोरला बो बांधलेल्या जपानी मुली. काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या फरशीचं आइस्क्रीमचं दुकान, उंच ग्लासात मिल्कशेक, वर लाल चेरी. मागे पंख फुटलेली लांबच लांब गाडी. निळाशार पोहण्याचा तलाव आणि ताडाचं झाड. त्यात जपानचं म्हणावं तर ते चेहरे आणि वरची अक्षरं, तेवढंच, बाकी सगळी अमेरिका, तीही आपण येण्याच्या कितीतरी आधीची.

"जपानला गेला होतात की आणखी कुठे?" मी विचारलं.

"अमेरिकेला गेलो होतो," तुम्ही म्हणालात. "इथे नाही ना ती. तिथे आहे."

मी चिडले, कारण इथे जी होती ती मी एकटीने निभावली होती. हायवेच्या कडेचं अपार्टमेंट, नाणी टाकून कपडे धुवायचं मशीन, पहाटेच्या काळोखात स्टेशनच्या पार्किंग लॉटमध्ये गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडणारी माणसं. आपल्या वाट्याला आलेली अमेरिका ती. तिच्यात गुलाबी गाडी नव्हती, आणि असती तरी तुम्ही ती सेकंडहँड घेतली असतीत आणि ती पहिल्या हिवाळ्यात बंद पडली असती.

मग वेस्ट विंडसरला घर घेतलं, आणि बेसमेंट तुमचं झालं. तांदळाची पोती, दमटपणा ओढून घेणारं ते घरघरणारं यंत्र, जुना गालिचा, आणि मधोमध तुमचा रेकॉर्ड प्लेअर. रविवारी दुपारी जेवण झालं की तुम्ही खाली जायचात आणि चार वाजता मी चहा घेऊन जायची. आपलं भांडण तिथे सुरू व्हायचं. पहिली काही वर्षं ते एकाच शब्दावर चाललं. नक्कल.

"जपानी माणसाने अमेरिकन असल्याचं सोंग आणायचं, आणि ते सांगलीच्या माणसाने न्यू जर्सीच्या तळघरात डोळे मिटून ऐकायचं," मी म्हणायची. "हसावं की रडावं?"

तुम्ही चहाचा घोट घेऊन, मास्तर होऊन समजावायला लागायचात. युद्ध संपल्यावर तिथे अमेरिकन सैनिकांचे तळ होते, त्यांचा रेडिओ होता. कुंपणाबाहेरची पोरं तो ऐकायची. शब्द एक कळत नव्हता, घरात धड खायला नव्हतं, पण त्या सुरांनी त्यांना वेड लावलं. ती पोरं मोठी झाली आणि तसं गायला लागली. मग त्यांची पोरं मोठी झाली, त्यांनी तर काहीच बघितलं नव्हतं, ना तळ, ना सैनिक, आणि त्यांनी जाकिटं घालून, केस फुगवून सगळं पुन्हा नव्याने मांडलं. "ज्याने पाहिलं त्याला त्यातलं खोटं माहीत असतं," तुम्ही म्हणायचात. "ज्याने नुसतं ऐकलं, तो जीव लावतो."

आणि मग मासिकांची गोष्ट. तुमच्या काकांच्या रद्दीच्या दुकानात कुठूनतरी जुनी अमेरिकन मासिकं यायची. तुम्ही पोत्यांवर पालथे पडून ती चित्रं बघत बसायचात. फ्रिज उघडून हसणारी बाई, हिरवळीवर पाण्याचा पाइप धरलेला बाप, तशीच लांब गाडी. "मी ती अमेरिका बघून निघालो, नीलू. पोचलो तेव्हा दुकान बंद झालं होतं." हे तुम्ही गंमतीने म्हणायचात, पण म्हणताना माझ्याकडे बघायचा नाहीत.

शेजारचे हॅरल्ड आठवतात ना, शाळेत शिकवायचे ते? त्यांच्याकडून तुम्हाला दाद हवी होती, कारण तो काळ ते स्वतः जगले होते. तुम्ही त्यांना खाली घेऊन आलात, कव्हर हातात दिलंत, गाणं लावलंत. त्यांनी ते आइस्क्रीमच्या दुकानाचं चित्र बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "आमच्या गावात असं दुकान होतं. आम्हा काळ्यांना मागच्या खिडकीतून मिळायचं. आत बसायची परवानगी नव्हती."

तुमचा चेहरा पडला. पुढचे काही रविवार बेसमेंटमधून आवाज आला नाही, आणि खरं सांगते, मी बोलणार होते की बघा, मी म्हणत नव्हते? पण तुमच्याकडे बघून बोलले नाही. मग हॅरल्ड स्वतःच एक दिवस दार वाजवून आले. म्हणाले, "ते पुन्हा लाव. ते चार जण मागे जे गातात ना, ती आमची चाल आहे. कोपऱ्यावरच्या दिव्याखाली उभं राहून माझा मोठा भाऊ असंच गायचा." त्यांनी टाचेने ठेका धरला, आणि ते खालच्या पट्टीतलं ऊ-वा असं काही म्हणाले की त्या जपानी पोरांनी येऊन शिकावं. जाताना म्हणाले, "निदान या चित्रात आत बसायला कुणाला अडवत नाहीत."

तुम्ही ते वाक्य पुढे आयुष्यभर वापरलंत. मी नक्कल म्हटलं की तुम्ही हॅरल्ड म्हणायचात. अशा वेळी मी तुमच्या पुढ्यातली चकली उचलून घ्यायची.

आणि मंडळाची ती जुन्या जमान्याची संध्याकाळ! सगळ्यांनी जुन्या काळातले कपडे घालून यायचं होतं. तुम्ही चामड्याचं जाकीट मिळवलंत, उरलेसुरले केस फुगवलेत, गळ्याला रुमाल बांधलात, आणि निघालात. हॉलमध्ये पाय ठेवला तर सगळे ओरडले. लोकांना वाटलं तुम्ही कुठल्या तरी हिंदी पिक्चरचे हीरो होऊन आलात. कुणाला एक नट वाटला, कुणाला दुसरा, त्यावरून दोघांचं वाजलं. शेवटी तुम्हाला पहिलं बक्षीस दिलं. तुम्ही माइक हातात घेऊन गंभीरपणे म्हणालात, "मी योकोहामाचा आहे," आणि लोकांना तो हीरोचा डायलॉग वाटला, टाळ्या वाजवल्या. तुम्ही खाली बघून हसलात. ते बघून पन्नाशी उलटलेल्या बाईच्या पोटात जसं व्हायला नको तसं मला झालं, हे मी तुम्हाला कधी बोलले नाही. आता बोलते.

नकलेचं भांडण हळूहळू जुनं झालं. आपले हिंदी संगीतकारसुद्धा तिकडूनच उचलायचे आणि ती गाणी मी भांडी घासताना गुणगुणते, हे तुम्ही दाखवून दिलंत तेव्हा माझी बाजू जरा लंगडी पडली. मग दुसरं भांडण सुरू झालं, आणि ते शेवटपर्यंत पुरलं. ते त्या एका गाण्याचं. गुलाबी गाडीचं.

"काय म्हणते ती?" मी चहा ठेवता ठेवता विचारायची.

"माहीत नाही."

"आठ महिने राहिलात. एवढं कळू नये?"

"मशीनचं जपानी यायचं मला. प्रेमाचं नाही."

"प्रेमाचं आहे हे कसं कळलं मग?"

इथे तुम्ही चहा फुंकत बसायचात. मग मी म्हणायची, कुणाला तरी विचारा, तादाशीला विचारा. तुम्ही म्हणायचात, कशाला? त्या कुंपणाबाहेरच्या पोरांनी कुठे विचारलं होतं? मी म्हणायची, बिनअर्थाचं गाणं म्हणजे नुसता आवाज. तुम्ही म्हणायचात, पाऊसही नुसता आवाजच असतो. मी म्हणायची, पाऊस "बेबी" म्हणत नाही. पुढे फोनवरच अर्थ सांगणारी सोय निघाली. मुग्धा म्हणाली, "बाबा, दोन सेकंदांत ट्रान्सलेट करून देते." तुम्ही तिच्या हातातून फोन काढून घेतलात. मी म्हटलं, असं काय आहे त्यात लपवण्यासारखं? तेव्हा म्हणालात, "तुझ्याशी लग्न केलं तेव्हा तरी मला कुठे अर्थ कळला होता? चाल आवडली, केलं." मुग्धा "ऑऽऽ" म्हणाली. मी कप उचलून वर निघून आले.

पण अहो, बायको आहे मी. तुम्ही जितके हसून टाळायचात, तितका माझ्या मनात एक काटा खोल जायचा. आठ महिने. एकटा तरुण माणूस. परत आला तो केस फुगवून. आणि एकच गाणं, ज्याचा अर्थ घरात निघता कामा नये. मी चेष्टेत "तुमची ती जपानीण" म्हणायची. तुम्ही हो म्हणाला नाहीत, नाही म्हणाला नाहीत. चष्मा पुसायचात. मी हसायची, पण वर आल्यावर तो काटा माझ्याबरोबर वर यायचा.

मग तुमचं हृदय थकलं. डॉक्टर म्हणाले, जिने चढू-उतरू नका, दगदग नको, मनाला त्रास नको. ब्रायनने रेकॉर्ड प्लेअर वर आणून सोफ्याच्या बाजूला ठेवला. माझा बेसमेंटचा फेरा संपला. आणि मी ठरवलं की आता या माणसाशी वाद घालायचा नाही. नक्कल म्हणायचं नाही, जपानीण म्हणायचं नाही, अर्थ विचारायचा नाही. भाजीत मीठ कमी आहे म्हणालात तर मी वाढवलंही नाही आणि भांडलेही नाही. देसाई काकू भेटायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "नीलूताई किती शांत झाल्यात हो. नशीबवान आहात, भावजी." तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "शांत झालीय खरी." मला वाटलं कौतुक आहे.

त्या दिवसांत तुम्ही बाकीच्या तबकड्या सोडून तेवढी एकच लावायचात. लावायची आणि माझ्याकडे बघायचं. मी शाल सारखी करायची, उशी नीट करायची, गोळ्या झाल्या का विचारायची. गाणं संपलं की तुम्ही पुन्हा सुई मागे न्यायचात आणि पुन्हा माझ्याकडे बघायचात. मी काही बोलायची नाही. मग एका दुपारी तुमच्या डोळ्यांतून पाणी आलं. तुम्ही ते पुसलं नाहीत. मी स्वयंपाकघरात गेले, नळ मोठा सोडला आणि उभी राहिले. म्हटलं, होतं तर कुणीतरी. मरणाच्या दारात हा माणूस तिच्यासाठी रडतो आहे. मला तुमचा राग आला आणि दयाही आली, आणि त्या दोन्हींचं काय करायचं ते कळलं नाही. पोहे केले. तुम्ही दोन घास खाल्लेत.

आणि त्यानंतर लवकरच तुम्ही गेलात.

सगळे पाहुणे पांगल्यावर, मुग्धा आपल्या घरी परतल्यावर, घरात मी आणि ती तबकडी. मी लावली नाही. कव्हर बघत बसायची. ती गाडी, ती फीत बांधलेली मुलगी. या वयात मत्सर वाटायला लाज वाटते, पण लाज वाटून तो जात नाही. शेवटी एका सकाळी उठले, केस विंचरले, चकलीचा डबा घेतला, तबकडी पिशवीत घातली आणि किकोकडे गेले.

तिचं घर तुम्हाला माहीत आहे, तसंच आहे. तादाशीचे बूट अजून दाराशी आहेत. तिने चहा केला. दोघी म्हाताऱ्या समोरासमोर बसलो, दोघींना इंग्रजी जेमतेम आपलं वाटणारं. मी इकडचं तिकडचं बोलायचं ठरवलं होतं, पण तोंडातून एकदम निघालं.

"किको, खरं सांग. योकोहामाला त्यांचं कुणी होतं का?"

ती तोंडावर हात ठेवून हसली. मग माझ्याकडे बघितलं आणि हसायची थांबली. तिने उठून माझ्या शेजारची खुर्ची घेतली. म्हणाली, कारखान्याजवळ एक जागा होती, जुन्या अमेरिकेसारखी सजवलेली. चौकटींची फरशी, लाल खुर्च्या, शनिवारी बँड. ऑफिसातले सगळे जायचे, तादाशी जायचा, मीही जायची. दिलीप-सान, ती तुम्हाला मानाने असंच म्हणते, येऊन कोपऱ्यात बसायचे. हे गाणं ते दर वेळी सांगून म्हणायला लावायचे. जी बाई गायची ती तेव्हाच आजी झाली होती, तिचा नातू ड्रम वाजवायचा. "दिलीप-सान टाळ्या चुकीच्या ठेक्यावर वाजवायचे," किको म्हणाली. "आजी गाता गाता मान हलवून त्यांना सांगायची, आत्ता नाही, आत्ता."

मी हुश्श केलं असतं, पण झालं नाही. कारण मग उरलं काय? मग तुम्ही रडलात कशासाठी? मी तिला ती दुपार सांगितली. सुई मागे नेणं सांगितलं, तुमचं बघणं सांगितलं. मी विचारलं, काय आहे या गाण्यात, की त्यांना ते मला कळू द्यायचं नव्हतं?

किकोने माझ्या कपात पुन्हा चहा ओतला. मग म्हणाली, "तुला आठवतं, तुम्ही दोघं आमच्याकडे जेवायला आला होतात? हेच गाणं लागलं होतं. तू माझ्या स्वयंपाकघरात प्लेटा पुसत होतीस, मी नको म्हणत असताना. मी बाहेर सूप वाढत होते."

मला आठवत होतं. प्लेटांवर निळे मासे होते.

"तादाशीने थोडी घेतली होती," ती म्हणाली. "तो सांगायला लागला, दिलीप, माहीत आहे का, ती इथे म्हणते की... आणि दिलीप-साननी उठून त्याच्या तोंडावर हात ठेवला. सूप सांडलं. आम्ही घाबरलो. ते म्हणाले, सांगू नकोस. मला कळलं तर मला तिला सांगावं लागेल. आणि सांगितलं की संपलं. मग ती रविवारी खाली कशाला येईल?"

मी कप खाली ठेवला.

"तादाशी म्हणाला, बायको आहे, येईल की. तर ते म्हणाले, आम्ही आठवडाभर बोलतो ते सगळं कामाचं. शाळा, डॉक्टर, बर्फ, कुणाचं विमान कधी उतरतं. हे एकच बोलणं आमच्यात बिनकामाचं आहे. ते मला हवं आहे."

अहो, मी तिथे, त्या परक्या बाईच्या टेबलावर डोकं ठेवून रडले. तुम्ही गेलात त्या दिवशी मी तशी रडले नव्हते. त्या दिवशी माणसं होती, फोन होते, मुग्धा होती. किकोने माझ्या पाठीवर हात ठेवला.

मला सगळं कळलं होतं. तुम्ही ती तबकडी लावून माझ्याकडे बघत होतात, तेव्हा तुम्ही वाट बघत होतात. मी विचारावं म्हणून. सुई मागे नेऊन पुन्हा संधी देत होतात. आणि मी शाल सारखी करत होते! भावजी नशीबवान आहेत म्हणे. तुम्हाला शांत बायको नको होती, तुम्हाला मी हवी होते, आणि मी तुमच्या तब्येतीला जपायचं म्हणून तुमच्या हातचं तेवढंच काढून घेतलं. डॉक्टरांनी दगदग नको म्हटलं होतं, भांडण नको असं कुठे म्हटलं होतं? मला फरक कळला नाही. तुम्ही तरी सांगायचंत. एकदा, अर्ध्या वाक्यात, की नीलू, भांड ना. पण तेही तुम्ही सांगणार नव्हतात. सांगून मागितलेलं तुम्हाला कधी गोड लागलंच नाही.

बऱ्याच वेळाने मी डोळे पुसले. किकोने पिशवीतून तबकडी काढली होती, चष्मा चढवला होता. कव्हरच्या मागच्या बाजूला त्या गाण्याचे शब्द छापलेले आहेत, तिथे तिने बोट ठेवलं होतं. चहा गार झाला होता. बाहेर कुणीतरी गवत कापत होतं. तिने माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "सांगू? ती काय म्हणते?"

मी हो म्हटलं की नाही, ते तुम्हाला सांगणार नाही. कळायला हवं असेल तर या, आणि विचारा मला.